ध्वनिपेट्यांचा जीर्णोद्धार

देवळांचा, वाड्यांचा व पोथ्यांचा जीर्णोद्धार हा महाराष्ट्रीय वाचकांच्या परिचयाचा विषय आहे. परंतु लांकडाची एक पेटी, तिच्या तोंडावरचें मळकें कापड आणि त्या कापडामागें दडलेला कागदाचा शंकु, एवढ्याच सामग्रीच्या वस्तूचाहि जीर्णोद्धार होऊं शकतो व त्यास इतिहासाचें ज्ञान लागतें, असें म्हटल्यास कित्येकांस नवल वाटेल. लाउडस्पीकर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा उभा राहतो व कानांत त्याची कर्कश आरोळी घुमूं लागते. ह्या लेखाचा विषय तो कर्णा नव्हे. खोलींत बसून एकाग्रतेनें गायन-वादन ऐकणाऱ्या रसिकांसाठीं विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या ध्वनिपेट्या तयार झाल्या, त्यांच्याविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे.

अशा पेट्या आतां साठ-साठ वर्षांच्या झाल्या आहेत. मूळ धनी गेले, बिऱ्हाडें मोडलीं, आणि पेट्या जुन्या बाजारांत आल्या. कोणी हौशी गृहस्थ त्यांची जोडी घरीं आणतो, तारा जोडतो आणि निराश होतो. एकींतून घरघर येते. दुसरीचे वरचे स्वर मुके असतात. 'जुनें तें सोनें' ह्या म्हणीवरचा त्याचा विश्वास डळमळूं लागतो. पण येथें उतावीळपणा उपयोगी नाहीं. पेटींत काय बिघडलें आहे हें कळण्यास ती तशी कां बांधली होती हें आधीं कळलें पाहिजे. आणि तें कळण्यास तिच्या कर्त्यापुढें कोणता प्रश्न उभा होता, त्याकडे वळलें पाहिजे. दुरुस्तीची वाट अशी इतिहासांतून जाते. उदाहरणासाठीं आम्ही एकच घराणें निवडतों. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या केंब्रिज गांवीं १९५४ सालीं स्थापन झालेल्या 'अकूस्टिक रिसर्च' ह्या कारखान्याच्या 'ए. आर. ३' व 'ए. आर. ३-ए' ह्या पेट्या तें घराणें होय. पहिली १९५८ सालीं व दुसरी १९६७ सालीं बाजारांत आली.

चुंबकाच्या क्षेत्रांत तारेची गुंडाळी टांगावी, तिच्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडावा, म्हणजे ती मागेंपुढें हलते. तिला एखादा पडदा जोडला तर तो हवा हलवितो, आणि हवेचें हें हलणें म्हणजेच ध्वनि. ही कल्पना जर्मन यंत्रज्ञ एर्न्स्ट सीमेन्स ह्याच्या १८७४ च्या पेटंटांतच सांपडते. परंतु तिला बळ देणारा ॲम्प्लिफायर तेव्हां अस्तित्वांत नव्हता, म्हणून ती बीजरूपानेंच राहिली. १८९८ सालीं इंग्लंडांत सर ऑलिव्हर लॉज ह्यांनीं तिला पुन्हा हात घातला. पुढें कॅलिफोर्नियांत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम ह्या जोडीनें अशा हलत्या गुंडाळीवर कर्णा बसविला, आणि १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें हजारों लोकांस गायन व भाषण दूरवर ऐकविलें. आवाज मोठा झाला खरा. पण कर्ण्याचा स्वतःचा स्वभाव त्यांत मिसळलेलाच राहिला. आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनचा कर्णा ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस हा स्वभाव वेगळा समजावून सांगावयास नको. गायक कोणीहि असो, तो त्या कर्ण्याच्या नाकानेंच गातो.

कर्णा टाकून देऊन नुसत्या कागदी शंकूनें हवा हलवावी, ही युक्ति जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्यांनीं १९२५ सालीं शास्त्रशुद्ध मांडणीनें सिद्ध केली. टांगलेल्या प्रत्येक वस्तूस स्वतःचें एक नैसर्गिक कंपन असतें. झोपाळ्याला जसा स्वतःचा झोका असतो तसाच. शंकूचें हें नैसर्गिक कंपन ऐकावयाच्या स्वरांच्या खालीं ढकललें, तर त्याच्या वरचे स्वर एकसारख्या बळानें उमटतात, हें त्यांच्या शोधाचें मर्म होय. त्याच वर्षीं विद्युत्साहाय्यानें ध्वनिमुद्रण करण्याची पद्धति प्रचारांत आली, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. घेणारा कान आणि बोलणारें तोंड एकाच वर्षीं सुधारलें. आज जगांतील बहुतेक सर्व लाउडस्पीकर, मग ते रेडिओंतले असोत वा दूरध्वनींतले, ह्याच १९२५ च्या वंशवृक्षावरचे आहेत.

तरीहि एक मोठी अडचण शिल्लक होती, आणि ती खर्जाची. शंकु पुढें येतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असतात. सेकंदास ४० कंपनें असलेल्या स्वराची लहर सुमारें २८ फूट भरते. अशी लहर शंकूच्या कडेला सहज वळसा घालते, आणि मागची विरळ हवा पुढच्या दाबलेल्या हवेस गिळून टाकते. जमाखर्च शून्य! मागची लहर पुढें येऊं नये म्हणून शंकु एखाद्या मोठ्या फळींत बसवावा किंवा बंद पेटींत कोंडावा, हा उपाय उघड आहे. परंतु बंद पेटींतील हवा दाबली कीं ती उलट ढकलते. पेटी जितकी लहान तितकी ती अधिक ताठर होते, आणि मोठ्या प्रयासानें खालीं नेलेलें नैसर्गिक कंपन पुन्हा वर चढतें. म्हणून त्या काळचे जाणकार कपाटाएवढ्या पेट्या करीत. बेल प्रयोगशाळेंतील आल्बर्ट थुरास ह्यानें पेटीस भोंक ठेवून मागच्या लहरीस कामास लावण्याची युक्ति १९३० च्या सुमारास काढली. पॉल क्लिप्श ह्यानें १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचें तोंड बनविलें. उपाय पुष्कळ होते. पण आवाज मोठा व सखोल हवा असेल तर पेटीहि मोठी हवी, हा सिद्धांत कोणी मोडला नव्हता.

तो मोडला एडगर व्हिल्चर ह्यानें. हा गृहस्थ शिक्षणानें यंत्रज्ञ नव्हता. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजांत तो कलेचा इतिहास शिकला. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत असतांना त्यास विद्युत्-यंत्रांचें शिक्षण मिळालें, आणि पुढें न्यू यॉर्क विद्यापीठांत तो ध्वनिपुनरुत्पादनाचा वर्ग घेऊं लागला. त्यानें प्रश्न उलटा करून पाहिला. पेटींतील कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी ढकलते ही आपण अडचण मानतों. पण शंकूस जागेवर आणणारी दुसरी स्प्रिंग तरी कोणती आहे? शंकूच्या कडेची कागदी किंवा कापडी घडी आणि त्याचा मागचा आधार. ह्या स्प्रिंगेचा स्वभाव वांकडा आहे. थोडें ताणलें तर ती मुकाट्यानें ताणली जाते. अधिक ताणलें कीं एकाएकीं आडमुठेपणा करते, आणि तेथेंच खर्जाचा स्वर विद्रूप होतो. कोंडलेल्या हवेचें तसें नाहीं. शंकूच्या हालचालीएवढ्या मर्यादेंत ती जवळजवळ समप्रमाणांत विरोध करते. मग वाईट स्प्रिंग शक्य तितकी सैल सोडून चांगल्या स्प्रिंगेवरच सर्व भार कां टाकूं नये?

ह्या एका प्रश्नांतून सर्व निष्पन्न झालें. शंकु इतका सैल टांगावयाचा कीं पेटीबाहेर त्याचें नैसर्गिक कंपन सेकंदास पंधराच्या आसपास यावें. आणि पेटी इतकी लहान व हवाबंद करावयाची कीं आंतील हवेच्या ताठरपणानें तें चाळिसाच्या थोडें वर स्थिर व्हावें. पेटी लहान असणें ही पूर्वीं तडजोड होती, ती आतां गरज ठरली. 'ए. आर. ३' ची पेटी २५ इंच उंच, १४ इंच रुंद व सुमारें साडेअकरा इंच खोल, म्हणजे पुस्तकांच्या मांडणींत आडवी मावणारी आहे. तिच्यांतून निघणारा खर्ज कपाटाएवढ्या पेट्यांस लाजविणारा होता. व्हिल्चरच्या पहिल्या नमुन्यास लागणारी सैल कापडी झालर त्याच्या पत्नीनें, रोझमेरी हिनें, गादीच्या खोळीच्या कापडांतून घरच्या शिवणयंत्रावर शिवली. मोठ्या शोधाच्या मुळाशीं असा एखादा घरगुती टांका पुष्कळदां सांपडतो. पुढें त्याच्या वर्गांतील हेन्री क्लॉस नांवाचा तरुण विद्यार्थी पुढें आला. केंब्रिज येथें एका माळ्यावर तो पेट्या बनवीत असे. गुरु-शिष्यांनीं मिळून कारखाना काढला आणि १९५४ च्या अखेरीस 'ए. आर. १' ही पहिली पेटी न्यू यॉर्कच्या प्रदर्शनांत मांडली.

ह्या युक्तीची किंमत चुकवावी लागलीच. जड शंकु व ताठर हवा हलविण्यास पुष्कळ शक्ति लागते, म्हणून अशा पेट्यांस बळकट ॲम्प्लिफायर हवा. निसर्ग कोणासहि फुकट कांहीं देत नाहीं. येथें त्यानें जागा दिली आणि वीज मागून घेतली.

शोधाचें पेटंट व्हिल्चरला १९५६ सालीं मिळालें, परंतु तें न्यायालयांत टिकलें नाहीं. हॅरी ऑल्सन ह्या शास्त्रज्ञाच्या नांवें पूर्वींचें एक पेटंट निघालें होतें. व्हिल्चरनें वाद पुढें वाढविला नाहीं. फळ असें झालें कीं ही युक्ति सर्वांची झाली, आणि पुढील दोन दशकांत अनेक कारखान्यांनीं लहान बंद पेट्या काढल्या. आज जुन्या बाजारांत मिळणारी बंद पेटी कोणत्याहि नांवाची असो, तिच्या पोटांत बहुधा हीच कोंडलेली हवा असते. म्हणून ह्या एका घराण्याच्या दुरुस्तीविषयीं जें म्हणावयाचें तें त्या सर्वांस थोड्याफार फरकानें लागू पडतें.

आतां रोग्याच्या बिछान्याकडे वळूं. पहिली परीक्षा कानाची. डाव्या व उजव्या पेटीच्या तारा आपसांत बदलून पाहाव्या. दोष पेटीबरोबर राहिला तर पेटी अपराधी. तारांबरोबर दुसरीकडे गेला तर ॲम्प्लिफायर किंवा तारा. एवढ्या साध्या न्यायानें अर्धे खटले निकालांत निघतात. दुसरी परीक्षा बोटांची. दोन्ही हातांचीं बोटें पसरून मोठा शंकु, ज्यास वूफर म्हणतात, तो सरळ व हळुवार आंत दाबावा. खरखर लागली तर गुंडाळी चुंबकाच्या फटींत घांसत आहे असें समजावें. न घांसतां तो आंत गेला व सोडल्यावर सावकाश बाहेर आला, तर पेटी हवाबंद आहे. झटकन् उडी मारून आला तर हवा कोठूनतरी गळत आहे. व्हिल्चरचा सारा सिद्धांत कोंडलेल्या हवेवर उभा आहे हें ध्यानांत आणलें म्हणजे ह्या गळतीचें गांभीर्य कळतें. हवा गळाली म्हणजे स्प्रिंगच गेली. सैल टांगलेला शंकु मग लगाम तुटलेल्या घोड्यासारखा होतो. तिसरी परीक्षा मीटरची. चार ओहमांच्या म्हणून सांगितलेल्या वूफरचा रोध मीटरवर चारांहून थोडा कमी दिसला तर गुंडाळी शाबूत आहे. कांटा हललाच नाहीं तर तार तुटली आहे.

रोगांमध्यें सर्वांत प्रसिद्ध रोग झालरीचा. पहिल्या पेट्यांची झालर कापडाची होती व तिचीं छिद्रें बुजविण्यास तिला चिकट लेप दिलेला असे. कापड टिकतें; लेप मात्र वाळून भुगा होतो व हवा पाझरूं लागते. त्यावर उपाय सोपा आहे: रबराच्या जातीचा, वाळल्यावरहि मऊ राहणारा पातळ लेप पुन्हा द्यावा. कडक होणारा गोंद वापरला तर झालर ताठ होते व सैलपणाचें सर्व पुण्य फुकट जातें. १९७० च्या सुमारास कापडाच्या जागीं फोमची झालर आली. ती हलकी व करावयास सोपी होती. परंतु ह्या जातीच्या फोमला हवेंतील ओलावा हळूहळू आंतून तोडतो, आणि पंधरा-वीस वर्षांत तो बोट लावतांच चिकट चुऱ्यासारखा गळून पडतो. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत त्याचा काळ अधिकच जवळ येतो. ह्यांतील विपर्यास पाहण्याजोगा आहे. गादीच्या खोळीच्या कापडापासून निघालेली जुनी झालर साठ वर्षें तग धरते आणि तिच्या जागीं आलेली नवी सुधारणा एका पिढींत मातींत मिळते. सुधारणा व टिकाऊपणा ह्यांचा विवाह नेहमींच लागतो असें नाहीं, हें इतिहासांत अनेकवार दिसून आलें आहे.

फोमची झालर बदलणें हें धीराचें काम आहे, फार अवघड नव्हे. जुना चुरा व गोंद शंकूच्या कडेवरून व लोखंडी चौकटीवरून पूर्ण खरवडून काढावयाचा. मधली टोपी अलगद कापून गुंडाळी व चुंबक ह्यांच्या मधील फटींत पातळ पट्ट्या सरकवावयाच्या, म्हणजे गुंडाळी नेमकी मध्यभागीं राहते. मग नवी झालर आधीं शंकूला व नंतर चौकटीला चिकटवून एक अहोरात्र वाळूं द्यावयाची. शेवटीं पट्ट्या काढून टोपी परत बसवावयाची. फटीची रुंदी केसाच्या हिशेबांत मोजावी लागते. शंकु जरा तिरपा बसला तरी जन्मभर घरघर पाठीस लागते. झालर मापाची हवी इतकेंच नव्हे, तर मूळच्या इतकी मऊहि हवी. ताठ झालर घातलेली पेटी बोलते, पण ती व्हिल्चरची पेटी राहत नाहीं.

दुसरा रोग पाठीवरच्या खुंट्यांचा. वरच्या व मधल्या स्वरांचा जोर खोलीच्या मानानें कमी-अधिक करतां यावा म्हणून ह्या पेट्यांच्या पाठीस दोन फिरते खुंटे दिले आहेत. त्यांच्या आंत तारेचें वेटोळें व त्यावरून फिरणारी धातूची जीभ असते. दमट हवेनें तेथें हिरवा गंज चढतो व प्रवाह तुटतो. पेटी मुकी झाली म्हणजे बहुतेक लोक वरच्या स्वरांचा लहान लाउडस्पीकर, ज्यास ट्वीटर म्हणतात, तोच मेला असें धरून चालतात. आणि ज्याचा जोड आज मिळणें कठीण असा शाबूत घुमट काढून टाकतात. खुंटा फिरवतांना खरखर होऊन स्वर क्षणभर परत आला, तर घुमट जिवंत आहे व गुन्हेगार खुंटा आहे, हें लहान मुलासहि कळावें. खुंटा उघडून जीभ व वेटोळें घांसून स्वच्छ केलें म्हणजे पुष्कळदां मुक्यास वाचा फुटते. रोग्याचा हात दुखतो म्हणून हातच कापणारा वैद्य आणि असा दुरुस्त्या करणारा ह्यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

तिसरा रोग कपॅसिटरांचा. स्वरांची वांटणी करून खर्ज वूफरकडे, मधले स्वर मधल्या घुमटाकडे व वरचे ट्वीटरकडे पाठविणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. 'ए. आर. ३-ए' मध्यें ही वांटणी सेकंदास ५७५ व ५००० कंपनें ह्या दोन सीमांवर होते, आणि त्यासाठीं १५०, ५० व ६ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आंत असतात. वयोमानानें ह्यांचें माप सरकतें व त्यांच्यांतील चोरटा रोध वाढतो. त्यामुळें सीमा ढळतात आणि वरचे स्वर मंद होतात. हा बदल इतका सावकाश होतो कीं रोज ऐकणाऱ्याच्या लक्षांतहि येत नाहीं. धनी आणि पेटी दोघें बरोबरच म्हातारे होतात. मापून पाहिल्याखेरीज येथें निर्णय करूं नये. माप बिघडलेले कपॅसिटर काढून त्याच मापाचे नवे डाखावे. लॅमिंग्टन रोडवर ते थोड्या पैशांत मिळतात.

चौथी गोष्ट पेटीच्या पोटांतील कापसाची. तो काचतंतूंचा असतो, म्हणून हातमोजे घालून व नाकतोंड बांधूनच त्यास शिवावें. पुष्कळ लोक तो जुनाट म्हणून फेंकून देतात. परंतु त्याचें काम केवळ प्रतिध्वनि शोषण्याचें नव्हे. हवा झटकन् दाबली म्हणजे ती तापते आणि तापल्यामुळें अधिक ताठर होते. तंतु ती उष्णता शोषून घेतात, त्यामुळें हवेची स्प्रिंग मऊ होते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. म्हणून काढलेला कापूस वजन करून ठेवावा व तेवढाच परत भरावा. शेवटीं वूफर बसवतांना त्याच्या कडेखालीं मऊ लुकण दाबून पेटी पुन्हा हवाबंद करावी. आणि दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून दोन्ही पेट्यांचे शंकु एकाच वेळीं पुढें येतात ना, हें पाहावें. एक पुढें व एक मागें गेला तर खोलींत तोच जुना जमाखर्च पुन्हा शून्यावर येतो.

येथवर कारागिरी झाली. ह्यापुढें जो प्रश्न उभा राहतो तो कारागिरांत व रसिकांत फार दिवसांचा वादाचा विषय आहे. झालर नवी, कपॅसिटर नवे, लेप नवा. मग जुनें काय उरलें? एक पक्ष म्हणतो, मूळच्या वस्तूस हात लावणें हाच अपराध; पेटी मुकी राहिली तरी चालेल. दुसरा पक्ष म्हणतो, पेटी ऐकण्यासाठीं आहे. जें जें अधिक चांगलें मिळेल तें तें आंत घालावें.

ह्या वादाचें उत्तर वेरूळास जाऊन पाहावें असें आम्हांस वाटतें. तेथें डोंगरांत कैलास लेणें आहे. तें पुराणवस्तु खात्यानें राखलें आहे, आणि भंगलेल्या मूर्तीस नवें नाक बसविण्याचा विचारहि कोणी करीत नाहीं. तेथून हांकेच्या अंतरावर घृष्णेश्वराचें देऊळ आहे. तें अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत पुन्हा बांधविलें व तेथें आजहि रोज पूजा चालते. दोन्ही ठिकाणीं जुन्याचा आदर आहे, पण धर्म निराळे आहेत. लेण्यानें साक्ष द्यावयाची, देवळानें नांदावयाचें. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत 'ए. आर. ३' ची जोडी ठेवलेली आहे, तिची झालर कोणी बदलूं नये. पण जी जोडी दिवाणखान्यांत ठेवून भीमसेन जोशींचा तोडी ऐकावयाचा, ती नांदती राहिली पाहिजे.

तर मग नांदत्या पेटींत वाटेल तें घालावें काय? येथें वाद्याचें उदाहरण कोणी पुढें करील. तबल्याची पुडी बदलली तरी तबला तोच राहतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी पुन्हा लावतो आणि गायकाच्या आवडीप्रमाणें ती उघडी किंवा बंद ठेवतो, त्यास कोणी दोष देत नाहीं. खरें आहे, पण तंबोऱ्यास स्वतःचा आवाज असावा म्हणूनच तो आहे. ध्वनिपेटीस स्वतःचा आवाज असूंच नये, ही व्हिल्चरची प्रतिज्ञा होती. पेटी म्हणजे वाद्य नव्हे. ती स्वच्छ कांच आहे, पलीकडचें दिसावें म्हणून बसविलेली. ह्या प्रतिज्ञेची उघड परीक्षा देण्यास तो डगमगला नाहीं. 'फाइन आर्ट्स क्वार्टेट' ह्या प्रसिद्ध वादकचतुष्टयाचें ध्वनिमुद्रण खोलीचा प्रतिध्वनि मिसळणार नाहीं अशा रीतीनें करण्यांत आलें, आणि त्यांच्या जाहीर मैफलींत मधूनच वादक गज नुसते हवेंत फिरवीत आणि 'ए. आर. ३' च्या पेट्या वाजूं लागत. सांधा कोठें पडला हें श्रोत्यांस ओळखतां येईना. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत कारखान्यानें एक श्रवणगृह उघडलें होतें. तेथें कोणीहि बसून ऐकावें, पण तेथें कांहींहि विकलें जात नसे. विक्रेत्याचा असा आत्मविश्वास दुर्मिळ आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थोडें थांबलें पाहिजे. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीनेंहि असेच प्रयोग भरविले होते. गायिका रंगभूमीवर उभी असे, दिवे मालवले जात, आणि गाणें ती गाते कीं यंत्र गातें हें श्रोत्यांस सांगतां येत नसे. तें यंत्र तर साधें कर्ण्याचें. आज त्याचा आवाज ऐकून कोणीहि फसणार नाहीं. तेव्हां कानाची साक्ष त्या त्या काळाच्या सवयींनीं बांधलेली असते. प्रत्येक पिढीस आपलें यंत्र पूर्णत्वास पोंचलें असें वाटतें, आणि पुढची पिढी त्यांतील नाकांतला स्वर ऐकूं शकते.

ह्यांतूनच आमचा निर्णय निघतो. जुन्या पेटीस आजच्या कानाप्रमाणें 'सुधारणें' म्हणजे १९५८ किंवा १९६७ च्या साक्षींत आपले शब्द घुसडणें होय. पोथीची नक्कल करतांना लेखकानें आपल्या मताचा श्लोक मध्यें घालावा, तशांतला हा प्रकार. 'ए. आर. ३-ए' चे वरचे स्वर आजच्या मानानें मंद आहेत, हें तिच्या काळचें मत आहे. व्हिल्चरच्या कारखान्यानें आपल्या पेट्यांचीं मोजमापें उघडपणें प्रसिद्ध केलीं होतीं, म्हणून मूळ पाठ कोणता याविषयीं संशयास फारशी जागा नाहीं. त्या मापापर्यंत पेटीस परत नेणें हा जीर्णोद्धार. त्यापलीकडे नेणें ही नवी रचना. नवी रचना करण्यास कोणाची मनाई नाहीं, पण तिला जुनें नांव देऊं नये. नवे कपॅसिटर मूळच्या मापाचे घातले तर आम्ही त्यास पुडी बदलणें म्हणतों. मापेंच बदललीं, तर तो दुसरा तबला झाला.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. नवीं यंत्रें स्वस्त आहेत, खिशांत मावतात, आणि मोडलीं कीं फेंकून देतां येतात. ह्या शेवटच्या सोईंतच आम्हांस उत्तर दिसतें. व्हिल्चरची पेटी स्क्रू काढून उघडतां येते, तिचा प्रत्येक भाग डोळ्यांस दिसतो, आणि तो कां आहे हें विचारल्यास त्याचें उत्तर सांपडतें. जी वस्तु उघडतां येते ती समजतां येते, आणि जी समजते ती पुढच्या पिढीस देतां येते. जिचें पोट कायमचें बंद आहे तिचा इतिहास तिच्याबरोबरच उकिरड्यावर जातो. १९६७ सालीं कारखाना विकून व्हिल्चर बहिऱ्यांसाठीं श्रवणयंत्रांच्या संशोधनांत शिरला, आणि तेथील आपल्या शोधाचें त्यानें पेटंटहि घेतलें नाहीं. हेन्री क्लॉस २००२ सालीं व व्हिल्चर २०११ सालीं निवर्तला. ते दोघे गेले. पण त्यांचा युक्तिवाद प्रत्येक शाबूत पेटींत जसाच्या तसा उभा आहे, आणि बोटानें शंकु दाबून तो आजहि तपासतां येतो.

जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारानंतर कोणी, केव्हां व काय बांधलें ह्याची शिळा भिंतींत बसविण्याची आपल्याकडे चाल आहे. पेटी दुरुस्त करणाऱ्यानेंहि ती पाळावी. काढलेले जुने भाग पुडक्यांत बांधून जपून ठेवावे, आणि पेटी बंद करण्यापूर्वीं आंतल्या फळीवर एक कागद चिकटवावा: कोणती झालर घातली, कोणते कपॅसिटर बदलले, कापूस किती भरला, साल कोणतें. तीस वर्षांनीं ती पेटी पुन्हा दुसऱ्या कोणाच्या हातीं पडेल. त्यास तो कागद वाचूनच कामास लागतां येईल.